आठवड्याचं भाजीचं खोकं: घरात दोन लहान मुलं असताना

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. घरात पाच-सहा वर्षांच्या आतली मुलं असतील, रोजचं जेवण घरीच होत असेल आणि खोकं येईल त्या दिवशी तास-दीड तास हाताशी असेल, तर हंगामी भाजीचं खोकं जरूर लावा. तिसरी अट सगळ्यात अवघड आहे. ती जमणार नसेल तर लावू नका. फ्रीजच्या तळाशी पालकाचा चिखल होईल आणि शिव्या उगाच खोक्याला बसतील.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एखादा शेतकरी किंवा शेतकऱ्यांचा गट दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी दारात भाजीचं खोकं ठेवून जातो. त्या आठवड्यात शेतातून जे निघालं ते आत असतं. पैसे आधीच भरलेले असतात आणि निवड आपली नसते. मी ज्यांच्याकडून घेतो त्यांचं नाव मुद्दाम देत नाही. अशा सेवा जागोजागी वेगळ्या, आणि मी लिहितोय ते या पद्धतीबद्दल. आमचं खोकं सुरू होऊन वर्ष उलटून गेलंय, म्हणजे सगळे हंगाम एकदा तरी बघून झालेत.

संध्याकाळचा स्वयंपाक आमच्याकडे माझा. बायको कामावरून येईपर्यंत मुलांची जेवणं उरकलेली असावी लागतात, नाहीतर रात्रीचं सगळं गणित कोलमडतं. थोरली साडेचार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. थोरलीला मतं आहेत. धाकट्याला दात आहेत, पण सगळे नाहीत.

खोक्याबद्दल लोकांची सगळ्यात मोठी तक्रार असते ती तोचतोचपणाची. भोपळ्याचे दिवस आले की प्रत्येक खोक्यात भोपळा. कोबी सुरू झाला की तो थांबायचं नाव घेत नाही. मोठ्या माणसाला याचा कंटाळा येतो, मलाही येतो. पण लहान मुलांच्या घरात मला हाच खोक्याचा सर्वात मोठा गुण वाटतो, आणि बाकी सगळे फायदे त्याच्यामागून येतात.

कारण असं. साधारण दोन ते सहा या वयात मुलं नवं खाणं नुसतं बघूनच नाकारतात. तो आगाऊपणा नसतो, वाढीतला टप्पा असतो. तीच भाजी आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आली की बरीच मुलं ती चाखायला तयार होतात, हे या विषयावरच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. आता सांगा, दोनदा ताटात तशीच राहिलेली भाजी कुठला बाप तिसऱ्यांदा पैसे देऊन आणेल? बाजारात आपला हात बटाट्याकडेच वळतो. पोरं खातात तेच आपण आणतो, आणि आपण आणतो तेच पोरं खातात. खोकं मला विचारतच नाही, म्हणून ही साखळी तुटते.

भोपळ्याचंच घ्या. पहिल्या खेपेला थोरलीने फोड एका बोटाने ताटाच्या कडेपर्यंत ढकलत नेली आणि वर "बाबा, हे माझ्याकडे बघतंय" असं सांगितलं. पुढे कधीतरी फोड ताटात राहू दिली गेली, खाल्ली नाही. मग एकदा चाटून परत ठेवली. बघणाऱ्याला यात काही घडतंय असं वाटणार नाही, पण घडत असतं ते हेच. मी एक पथ्य पाळतो: ताटात काय वाढायचं आणि कधी, ते माझ्याकडे, खायचं की नाही आणि किती, ते तिच्याकडे. "एक घास बाबासाठी" नाही. "भोपळा संपव, मग गोड मिळेल" तर मुळीच नाही. असं बक्षीस लावलं की मुलांच्या मनात गोडाची किंमत आणखी चढते आणि भाजी शिक्षा होऊन बसते.

शेवटी गाडी पुढे सरकली ती भाजलेल्या भोपळ्याने. सालासकट लांबट फोडी, तेलाचा हात, ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला कडा काळपट होईपर्यंत. कडेला जी करपट गोडी येते ती तिला पटली. आता ती कडा खाते आणि मधला मऊ गर मला देते. रश्शातला भोपळा अजून चालत नाही आणि मी तो विषय काढतही नाही. धाकट्याचं म्हणाल तर भोपळा खायचा असतो की अंगाला लावायचा असतो, यावर त्याने बराच काळ दोन्ही बाजूंनी विचार केला.

गाजर आणि भोपळा एकदम आले की एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. धाकट्याचं नाक आणि तळहात पिवळट दिसायला लागले. आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि तिथूनच ओरडली, "अरे, कावीळ नाही ना झाली त्याला?" कावीळ नव्हती. या भाज्यांतलं कॅरोटीन रोज भरपूर पोटात गेलं की कातडीत उतरतं. लहान मुलांत ते पटकन दिसतं. फरक डोळ्यांत कळतो: काविळीत बुबुळाभोवतीचा पांढरा भागही पिवळा होतो, गाजर-भोपळ्याच्या पिवळेपणात तो पांढराच राहतो. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवावं, आम्हीही दाखवलं. गाजर-भोपळा कमी केला की रंग हळूहळू उतरतो. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी डायपर लाल निघाला तर तेव्हाही आधी आदल्या दिवशीचं ताट आठवा.

आता कामाचं बोलू. शेतातून थेट भाजी येते म्हणजे थोडंफार शेतही घरात येतं. पालकाच्या देठांत माती, फ्लॉवरच्या गड्ड्यात अळी, मुळ्याला वाळलेला चिखल. पालक नळाखाली धरून स्वच्छ होत नाही. मोठं पातेलं पाण्याने भरायचं, पानं बुडवून हाताने हलवायची, दोन मिनिटं गप्प बसायचं आणि मग पानं वरच्यावर उचलून घ्यायची. पातेलंच चाळणीत ओतलं की खाली बसलेली माती परत पानांवर येते. पाणी बदलायचं, पुन्हा तेच. पातेल्याच्या तळावरून बोटं फिरवली की रेती लागते का ते कळतं. लागायची थांबली की झालं. इथे मी घाई करत नाही, कारण एक कचकच दाताखाली आली की थोरलीचा पालक कितीतरी दिवस बंद होतो. या वेळात धाकटा खालच्या कपाटातली झाकणं काढून फरशीवर आपटत असतो. ती त्याची ड्यूटी.

ठेवण्याचीही शिस्त लागते. गाजर, बीट, मुळा यांचा पाला आल्या आल्या कापायचा, कारण तो कंदातलं पाणी ओढत राहतो आणि गाजर वाकतं तरी मोडत नाही अशी अवस्था येते. बीटचा पाला टाकू नका, पालकासारखा शिजतो. पालेभाजी पूर्ण निथळून सुती कापडात गुंडाळली की टिकते. गाजर सफरचंदाच्या शेजारी ठेवू नये. सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडवट होतं, आणि कडू तर मुलांच्या जिभेला आपल्या आधी कळतं. टोमॅटो पूर्ण पिकेपर्यंत बाहेर. १२ अंशांच्या खाली त्याची चव मरते. बटाटे अंधारात आणि कांद्यापासून लांब.

एवढं झालं की आठवड्याचा बेत आपोआप ठरतो, आणि हा फायदा मी आधी धरलाच नव्हता. आधी पालेभाज्या, मग फरसबी, फ्लॉवर, वांगी, आणि आठवड्याच्या शेवटी कोबी, गाजर, बीट, भोपळा. जे आधी खराब होणार ते आधी शिजणार. संध्याकाळी एक मूल पायाला लटकलेलं आणि दुसरं "भूक लागली"चा जप करत असताना "आज काय करू?" हा प्रश्न सुचतच नाही, हे सुख दोन लहान मुलं असलेल्यालाच कळेल. पंचाईत एकच, पाहुणे आले म्हणून हा क्रम बदलला की काहीतरी सडतंच.

मटारबद्दल जरा सविस्तर, कारण खोक्याचे पैसे मला सगळ्यात जास्त वसूल वाटतात ते मटारच्या दिवसांत. तोडल्यापासून मटारातली साखर पिष्टात बदलायला लागते, म्हणून तोडून फार वेळ न झालेला मटार गोड लागतो आणि चार दिवसांचा पिठूळ. खोकं आलं की मी शेंगांचा ढीग जमिनीवर वर्तमानपत्रावर ओततो आणि थोरलीला बसवतो. ती शेंगेच्या टोकाशी अंगठा दाबते, शिवण फाटते, मग ती आतले दाणे मोजते. "यात सात. यात तीन आणि एक बाळ." त्या बाळाला वाटीत जागा नसते, ते सरळ तोंडात. मग त्याचे भाऊही. एकदा शेंगेतून अळी निघाली, तिला खिडकीतल्या कुंडीत घर मिळालं आणि नंतर प्रत्येक शेंग उघडताना "आहे का कोणी?" अशी हाक मारली गेली. हीच मुलगी शिजवलेला मटार भातातून एकेक करून बाजूला काढते. मी काही म्हणत नाही; सोलतानाच तिचा मटार खाऊन झालेला असतो. तुमच्या मुलांना जेवताना भाजी जात नसेल तर निवडताना द्या, चिरताना काकडीची चकती पुढे करा. ओट्याजवळचे नियम सैल असतात, आणि हे मुलांना बरोबर माहीत असतं.

धाकट्याला मात्र त्या ढिगापासून दूर, खुर्चीत अडकवून ठेवतो. अख्खा कच्चा मटार, कच्च्या गाजराचा तुकडा, अख्खा चेरी टोमॅटो, हे या वयात घशात अडकणारे प्रकार आहेत. त्याचा मटार शिजवून चमच्याच्या पाठीने दाबलेला, गाजर किसलेलं किंवा दोन बोटांत सहज चिरडेल इतकं मऊ, टोमॅटो उभा चिरून चार भाग केलेला. चार वर्षं पूर्ण होईपर्यंत यात सूट नाही.

स्वयंपाक एकदाच होतो, दोघांसाठी वेगळा मी करत नाही. भाजी शिजली की धाकट्याचा वाटा मीठ-तिखटाच्या आधी बाजूला काढायचा, मग बाकीच्यांसाठी चव. (वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाण्यात मीठ घालायचंच नाही; नंतरही जितकं उशिरा आणि कमी तितकं बरं.) गाजर-भोपळ्याला तेल किंवा तूप हवंच, त्यातलं कॅरोटीन स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. डाळीवर, पालेभाजीवर जेवताना लिंबू पिळतो, कारण सी जीवनसत्त्वाबरोबर वनस्पतींतलं लोह जास्त शोषलं जातं, आणि दीड वर्षाच्या मुलाला लोहाची गरज मोठी असते. हिरव्या भाज्या झाकण न ठेवता थोडाच वेळ शिजवतो. झाकण ठेवलं की भाजीतून सुटणारी आम्लं आतच राहतात आणि हिरवा रंग मातकट होतो. मोठे मातकट पालक खाऊन घेतात, थोरली घेत नाही. फ्लॉवर-कोबी जास्त उकळले की गंधकाचा वास घरभर सुटतो आणि ती दारातूनच "कसला वास येतोय?" विचारते. तिथे जेवण हरलेलंच असतं. म्हणून फ्लॉवरही भोपळ्यासारखा भाजतो.

उरलेल्या भाजीची प्युरी करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवणं सोयीचं पडतं, वरणात, सूपमध्ये एखादी वडी टाकता येते. पालक आणि बीटची प्युरी मात्र फ्रीजमध्ये दिवसेंदिवस ठेवू नये. त्यांच्यात नायट्रेट भरपूर असतं, साठवणीत जंतूंमुळे त्याचं नायट्राइट होऊ शकतं, आणि ते लहान बाळांना चांगलं नाही. केली की लगेच द्या किंवा लगेच गोठवा.

आता तक्रारी. भर उन्हाळ्यात खोकं दाराबाहेर उन्हात ठेवून गेले, सावलीत ठेवायचं असं सुरुवातीलाच ठरलेलं असताना. पालक शिजल्यासारखाच निघाला. कळवलं तर "पुढच्या वेळी काळजी घेऊ" असं छापील उत्तर आलं, भाजी बदलून आली नाही. धो-धो पावसाच्या आठवड्यात खोक्यात तीनच जिन्नस आणि उरलेली जागा बटाट्यांनी भरलेली. शेतीत असं होणार हे मला मान्य आहे, पण त्या आठवड्याचे पैसे पूर्ण घेणं मान्य नाही. निदान पुढच्या खोक्यात भरपाई करा.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर. एकदा दुधी कडू निघाला. दुधी, काकडी, झुकिनी या वेलवर्गीय भाज्या क्वचित कडू निघतात ते कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यामुळे. ते विषारी असतं आणि शिजवून जात नाही. चिरण्याआधी कच्चा कपटा जिभेला लावून बघायचा, कडू लागला तर थुंकून अख्खी भाजी फेकायची, मुलांपर्यंत जाऊच द्यायची नाही. मला हे माहीत होतं म्हणून निभावलं. अशी भाजी शेतातून येऊ शकते, त्यात पुरवणाऱ्यांचा दोष धरत नाही. पण दर खोक्यात ते एक रंगीत चिठ्ठी घालतात, तिच्यावर सूर्योदयाचं चित्र आणि मातीशी नातं वगैरे असतं. त्या जागेत ही एक ओळ सहज मावली असती.

खोक्यावर "रसायनमुक्त" असंही छापलेलं आहे. प्रमाणपत्र विचारलं तर गोल-गोल उत्तर आलं. मी त्यासाठी घेत नाही, म्हणून माझं अडलं नाही. तुम्ही त्यासाठीच घेणार असाल तर आधी कागद मागा. "बाजारापेक्षा पौष्टिक" हा दावाही तोलून घ्यावा. काल तोडलेल्या पालकात आठवडाभर पडलेल्या पालकापेक्षा सी जीवनसत्त्व जास्त असणार, यात शंका नाही. पण गोठवलेला मटार तोडल्यावर लवकरच वाफवून गोठवलेला असतो आणि तो पोषणात फारसा मागे नसतो. आमच्या फ्रीझरमध्ये त्याची पिशवी कायम असते, ताप आलेल्या मुलाच्या आठवड्यात तीच धावून येते, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

मूल नुकतंच सहा महिन्यांचं होऊन वरचं खायला लागलं असेल तर अजून थांबा. त्या दिवसांत पालक धुण्यापेक्षा झोपा. दोघंच मोठी आणि एक मूल असेल तर लहान खोकं किंवा पंधरा दिवसांनी एक, असं विचारून बघा. बरेच जण देतात, जाहिरातीत लिहीत नाहीत इतकंच. जुळी असतील तर मोठं घ्या आणि निवडायला कोणाला तरी बोलवा.

आमचं मध्यम आकाराचं चालू आहे आणि चालू राहील. अलीकडे त्यांच्या ॲपमध्ये एक नावडती भाजी कायमची वगळायची सोय आली आहे. थोरलीला ते कळलं आणि तिने कोबीचं नाव दिलं. मी अजून टिक केलेलं नाही.